व्युत्पत्ती लावावी, काढावी की सांगावी?

देवस्थानांच्या स्मरणिका, जात्रोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिका आणि जुनी स्थलमाहात्म्ये यांत एक पान हमखास असते. देवतेच्या किंवा ग्रामाच्या नावाची व्युत्पत्ती त्या पानावर छापलेली असते. ही पाने आम्ही आवडीने वाचतो. आज मात्र त्यांतील माहितीपेक्षा त्यांतील एका क्रियापदाविषयी लिहावयाचे आहे. एका पुस्तिकेत नावाची व्युत्पत्ती ‘सांगितलेली’ असते, दुसरीत ती ‘काढलेली’ असते, तिसरीत ‘लावलेली’. अलीकडे ती ‘केलेली’ही आढळू लागली आहे. कित्येकदा एकाच पानावर ही चारही क्रियापदे नांदतात आणि लेखकाला त्यांत काही भेद आहे असे वाटतच नाही. भेद आहे, आणि तो लहानसहान नाही, असे आमचे म्हणणे आहे.

यास्काच्या निरुक्तात एक जुना वाद नोंदलेला आहे. सर्व नामे धातूंपासून निघाली असे शाकटायनाचे मत होते. सर्वच तशी निघाली नाहीत, असे गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणत. नाम कोणत्या क्रियेपासून आले, हा त्यांचा प्रश्न होता. आमचा प्रश्न अगदी उलट आहे. ‘व्युत्पत्ती’ हे नाम एकदा भाषेत येऊन बसल्यावर ते कोणत्या क्रियापदाच्या हाताला धरून चालते, एवढेच आम्हाला पाहावयाचे आहे.

प्रथम त्या नामाकडेच पाहू. वि, उत् आणि पद् यांपासून झालेला हा शब्द मूळचा अकर्मक वृत्तीचा आहे. शब्द व्युत्पन्न होतो, म्हणजे विशिष्ट रीतीने वर येतो, उपजतो. हे उपजणे शब्दाचे, माणसाचे नव्हे. माणसाने ते घडवून दाखवावयाचे असेल तर संस्कृतात ‘व्युत्पादन’ असा प्रयोजकाचा मार्ग होता. यास्काचा शब्द तर निराळाच, ‘निर्वचन’. म्हणजे शब्दात दडलेले बोलून बाहेर आणणे. त्यात बोलणारा स्पष्ट दिसतो. साहित्यशास्त्रात गेल्यावर ‘व्युत्पत्ती’ला आणखी एक अर्थ मिळाला. राजशेखराने काव्यमीमांसेत प्रतिभेच्या शेजारी जी व्युत्पत्ती बसविली आहे ती बहुश्रुतता होय, आणि आपण एखाद्या शास्त्र्याला ‘व्युत्पन्न’ म्हणतो ते याच अर्थाने. अशी व्युत्पत्ती अंगी असते, अंगी येते. ती कोणी लावीत नाही की काढीत नाही. सारांश, मराठीत आलेल्या या नामाबरोबर त्याचे क्रियापद आले नाही. ते मराठीला आपल्या घरातून द्यावे लागले, आणि मराठीने एक न देता चारपाच दिली.

त्यांतले सर्वांत मराठी क्रियापद ‘लावणे’. ‘लावणे’ कोठे कोठे लागते ते पाहावे. शोध लावणे, छडा लावणे, निकाल लावणे येथे काम पुरे झालेले असते. जो अद्याप चाचपडतो आहे तो शोध ‘घेतो’. ज्याच्या हाती वस्तू आली त्याने शोध ‘लावला’. परंतु अर्थ लावणे, संगती लावणे, अन्वय लावणे येथे तसे नाही. श्लोकाचा अर्थ एक जण एक लावील, दुसरा दुसरा लावील, आणि दोघेही अर्थ लावण्याचेच काम करीत असतील. आम्हा वकिलांचा तर हा नित्याचा धंदा आहे. कायद्याच्या कलमाचा अर्थ वादी एक लावतो, प्रतिवादी दुसरा. कोणता खरा हे तिसऱ्याने ठरवावयाचे असते. मग ‘व्युत्पत्ती लावली’ या प्रयोगातले ‘लावणे’ कोणते? शोधाचे की अर्थाचे? आमच्या मते ते अर्थाचे आहे. लेखक मात्र ते शोधाचे आहे अशा थाटात वापरतात, आणि वाचकही त्याच भावनेने वाचतो. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

‘लावणे’चा आणखी एक संसार आहे. लग्न लावणे. ‘लग्न’ हा शब्दच लग् धातूचा, म्हणजे ‘लागलेले’. वधूवर लग्न करतात, भटजी लग्न लावतात. लावणारा त्यात पक्षकार नसतो. त्याने पंचांग पाहावे, गोत्रप्रवर विचारावे, सगोत्र असतील तर थांबवावे आणि मग मंगलाष्टके म्हणावी. व्युत्पत्ती लावणाराही असाच तिऱ्हाईत असला पाहिजे. शब्दाचे सोयरे त्याने जोडावयाचे, पण आधी गोत्र तपासून. म्हणूनच ‘व्युत्पत्ती करणे’ हा नवा प्रयोग आमच्या कानाला खटकतो. निर्वचन करता येते, व्युत्पादन करता येते. व्युत्पत्ती करणे म्हणजे भटजीनेच बोहल्यावर उभे राहणे होय. कोणत्याही संस्कृत नामाला ‘करणे’ चिकटवून मोकळे व्हावयाचे, ही सवय आता वृत्तपत्रांतून पुस्तकांत शिरली आहे. तिची उदाहरणे देऊन जागा अडवीत नाही.

‘काढणे’ याहून कडक. विहिरीतून पाणी काढतात, मुहूर्त काढतात, माग काढतात, वंशावळ काढतात. कचेरीतून नक्कल काढतात. या प्रत्येकात एक गोष्ट गृहीत आहे: जे काढावयाचे ते आत आधीच आहे. दप्तरात मूळ कागद नसेल तर नक्कल निघत नाही. तेव्हा ‘अमक्या नावाची व्युत्पत्ती काढली’ असे जो म्हणतो त्याच्यावर मूळ कागद दाखविण्याची जबाबदारी येते. ‘देऊळ’ हे उदाहरण घ्या. देवकुल, प्राकृतातील देउल, मग देऊळ; प्रत्येक पायरी ग्रंथांत उभी आहे, आणि राजकुलापासून राऊळ त्याच वाटेने आले आहे. येथे ‘काढली’ म्हणावे. ‘यात्रे’ची जात्रा झाली, कारण संस्कृतातील शब्दारंभीचा य प्राकृतात ज होतो आणि हे एका शब्दापुरते नाही. येथेही ‘काढली’ म्हणावे. परंतु कागद हाती नसता जो काढू लागतो त्याच्याबद्दल भाषेनेच एक इशारा ठेवला आहे. ‘माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ काढला’ असे आपण घरात म्हणतोच. लावलेला अर्थ निदान वादग्रस्त असतो. काढलेला भलता अर्थ हा आरोप असतो.

उरलेली क्रियापदे झटपट सांगता येतात. कोशकार व्युत्पत्ती ‘देतो’, वैयाकरण रूप ‘साधतो’, पंडित मूळ ‘शोधतो’, आणि ज्याला काहीच सापडत नाही तो व्युत्पत्ती ‘जुळवतो’ किंवा ‘बसवतो’. ही शेवटची दोन शिव्या देण्यासाठीच आहेत. ‘व्युत्पत्ती लागत नाही’ हा अकर्मक प्रयोग मात्र फार मोलाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

आमच्या कोशांकडेही याच दृष्टीने पाहावे. मोल्सवर्थने १८३१ साली कोश प्रसिद्ध केला तेव्हा शब्दापुढे संस्कृत, हिंदुस्तानी, फारसी, अरबी अशी खूण करून तो बहुधा थांबला. त्याने मूळ दाखविले. व्युत्पत्ती लावण्याच्या भरीस तो फारसा पडला नाही, आणि त्याचे हे मौन आम्हाला आजही सभ्य वाटते. इतिहासाचार्य राजवाडे यांचा मार्ग अगदी निराळा. धातू आणि नामे यांविषयीचे त्यांचे संग्रह १९२६ साली ते गेल्यानंतर धुळ्याहून प्रसिद्ध झाले. ते वाचताना एखाद्या पाणिनीयाने मराठीवर स्वारी केल्याचा भास होतो. ते व्युत्पत्ती साधतात. मराठी रूप आणि वैदिक रूप यांच्यामध्ये शतकांचे अंतर असले तरी त्यांना ते ओलांडता येते, कारण साधणाऱ्याला सूत्र लागते, साक्षीदार लागत नाही. राजवाड्यांची बुद्धी अलौकिक होती. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र त्यांची सूत्रे न घेता उडी तेवढी घेतली. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ सालचा. त्यात इतर भाषांतील सोयऱ्या शब्दांची हजेरी घेतलेली असते आणि त्यामुळे वाचकाला स्वतः तपासण्यास काहीतरी हाती लागते. आमच्या मते हा कोश ‘लावण्या’चा कोश आहे, ‘काढण्या’चा नव्हे. त्याचा दाखला देणाऱ्यांनी तो लेखी पुराव्यासारखा देऊ नये, मतासारखा द्यावा.

एका गोष्टीबद्दल टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक कोशाची वाखाणणी केली पाहिजे. १९६६ साली पूर्ण झालेल्या त्या कोशात, जे संस्कृत रूप ग्रंथांत कोठेही सापडत नाही, केवळ पुढच्या भाषांवरून अनुमानाने उभे केले आहे, त्याच्यापुढे तारका छापलेली असते. काढलेले कोणते आणि लावलेले कोणते हे त्या चिमुकल्या तारकेवरून कळते. आमच्या पुस्तिकाकारांनी ही तारका उसनी घेतली तर काय बहार होईल!

आता देवळाकडे वळू. येथे आम्हाला सावधपणे आणि आदराने बोलले पाहिजे. म्हार्दोळनजीक प्रियोळच्या श्रीमंगेशाच्या नावाची कथा गोमंतकात लहान मुलालाही ठाऊक आहे. शिवाने व्याघ्ररूप घेतले, पार्वती भ्याली, आणि ‘गिरीशा, मला वाचव’ असा संस्कृतात धावा करताना तिच्या तोंडून निघालेल्या ‘माम्’ आणि ‘गिरीश’ या शब्दांचे मिळून मांगिरीश हे नाव झाले. १५६० साली कुशस्थळीहून देव नदीपलीकडे हलविले गेले तेव्हा भक्तांनी मूर्तीबरोबर ही कथाही नेली असली पाहिजे. या कथेची व्युत्पत्ती सांगतात. ‘सांगणे’ हे येथे अगदी नेमके क्रियापद आहे. पुराणिक सांगतो, आजी सांगते, कीर्तनकार सांगतो. ऐकणारा हात जोडतो. सांगितलेल्या गोष्टीला कोणी उलटतपासणी घेत नाही, कारण ती साक्ष नसून स्मरण असते. बाणावलीला परशुरामाचा बाण पडला ही कथाही तशीच. सह्याद्रिखंडातील क्षेत्रोत्पत्तीच्या अशा कथा ‘सांगितल्या’ आहेत असेच म्हणावे. त्या ग्रंथाला अपमान होईल असे त्यात काही नाही. व्याकरणाच्या पट्टीने मोजू गेल्यास द्वितीयेचे सर्वनाम आणि संबोधन चिकटून देवाचे नाव झाल्याचे दुसरे उदाहरण शोधत बसावे लागेल. ती पट्टी येथे काढावीच कशाला?

परंतु जेव्हा एखादी स्मरणिका लिहिते की अमुक नावाची व्युत्पत्ती ‘सिद्ध झालेली आहे’, तेव्हा पट्टी काढावीच लागते. यात भाषेच्या शुद्धतेपेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या नियमांनी बांधलेला आहे. ‘महाजन’ या आपल्या शब्दाला पोर्तुगीज लिखावटीत माझान आणि त्यांच्या संस्थेला माझानिया असे रूप मिळाले. महाजन कोण, हा त्या व्यवस्थेतील कळीचा प्रश्न. अशा वादांत नावाच्या व्युत्पत्तीचा हत्यारासारखा उपयोग होताना आम्ही पाहिला आहे. देवीचे नाव अमुक गावाच्या नावावरून, म्हणून त्या गावचे कूळ मूळचे. ते नाव अमुक शब्दापासून, म्हणून अमुक ज्ञाती मागाहून आलेली. ज्या पुस्तिकेतून हे उतरवून घेतलेले असते तिच्या लेखकाने सहज ‘व्युत्पत्ती काढली’ असे लिहिलेले असते. त्याने ‘सांगतात’ असे लिहिले असते तर त्या कागदाला तेवढे वजन कोणी दिले नसते. एका क्रियापदाने शेजाऱ्याचा पालखीला खांदा देण्याचा मान काढून घेता येतो, हे लिहिणाराच्या ध्यानी नसते.

साक्षीच्या कायद्याने या बाबतीत फार शहाणपण दाखविले आहे. १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला, तरी त्यातील एक भेद जसाच्या तसा राहिला. गोष्ट शाबीत असते, नाशाबीत असते, किंवा शाबीत न झालेली असते. ही तिसरी अवस्था दुसरीहून भिन्न आहे. ‘व्युत्पत्ती लागत नाही’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो या तिसऱ्या अवस्थेलाच नाव देत असतो. ती खोटी आहे असे तो म्हणत नाही. लागत नाही एवढेच म्हणतो, जशी किल्ली कुलुपाला लागत नाही. हा प्रयोग पुस्तिकांतून नाहीसा झाला आहे, कारण पान कोरे सोडण्यास कोणी तयार नसतो. यास्कानेही निर्वचन टाकून देऊ नये, एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही ते करावे, अशी शिकवण दिली आहे खरी. पण त्याच्यापुढे मंत्र होता आणि मंत्राला अर्थ हवा होता. शिवाय त्याने एकच एक मूळ हट्टाने धरले नाही. ‘अग्नि’ शब्दाची स्वतःची निर्वचने देऊन तो स्थौलाष्ठीवीचे निराळे मत आणि तीन धातूंपासून तो शब्द सिद्ध करणारे शाकपूणीचे मत शेजारी ठेवतो. आज लॅटिनमधील इग्निस हा त्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि यास्काच्या त्या निर्वचनांपैकी एकही इतिहास म्हणून टिकत नाही. निर्वचन म्हणून मात्र ती टिकतात, कारण त्याने ‘काढले’ असा दावा केलेलाच नव्हता.

गोमंतकाबाहेरच्या वाचकांसाठी दोन नावे घेतो. ग्वाल्हेरच्या नावाची कथा ग्वालिपा साधूशी जोडून सांगतात. त्याने राजा सूरजसेनाचे कुष्ठ बरे केले म्हणून हे नाव. दुसऱ्या बाजूस, सहाव्या शतकातील, मिहिरकुलाच्या वेळच्या शिलालेखात त्या डोंगराचे नाव गोप असे येते, आणि पुढील लेखांत गोपगिरी, गोपाद्री. येथे पहिली व्युत्पत्ती सांगावी आणि दुसरी काढावी. दोन्ही एका पानावर सुखाने राहू शकतात, क्रियापदे निराळी ठेवली तर. बेळगावचे प्रकरण अधिक नाजूक. रट्टांच्या लेखांतील वेणुग्राम, वेळुग्राम ही रूपे सर्वमान्य आहेत, वेळूंचे गाव. २०१४ साली सरकारदरबारी बेळगावी हे रूप आले. तेव्हापासून, आणि त्यापूर्वीही, दोन्ही बाजूंचे लोक या नावाच्या व्युत्पत्तीतून सीमाप्रश्नाचा निकाल ‘काढू’ पाहतात. वेळूच्या बेटाला कोणाचीही मातृभाषा येत नव्हती. त्या नावातून गाव निघते, हद्द निघत नाही.

लोकांनी ‘जुळविलेल्या’ व्युत्पत्तीचेही एक उदाहरण द्यावे. पाव हा शब्द पोर्तुगीज पांव या भाकरीवाचक शब्दापासून आला हे निर्विवाद आहे. चावी, पगार, घमेले, पाद्री यांच्याच गलबतातून तो उतरला. तरीही पीठ पायांनी तुडवितात म्हणून ‘पाव’ असे अनेकांनी ऐकले असेल. या जुळवणीत भाषाशास्त्र नाही, शेजारधर्माचा अभाव आहे. परक्याच्या भाकरीबद्दलची किळस शब्दाच्या मुळाशी नेऊन ठेवली की ती किळस पुरातन वाटू लागते. याउलट सासष्टी, तिसवाडी, बारदेश ही नावे पाहा. सहासष्ट, तीस आणि बारा या आकड्यांना कोणाचा राग नाही, लोभ नाही. म्हणून तेथील व्युत्पत्तीवर कोणी भांडत नाही. सासष्टीचे पोर्तुगीजांनी साल्सेत केले तरी आत आकडा तसाच वाजतो.

शेवटी आमच्या या दोन भाषांविषयी. १९८७ चा राजभाषा कायदा आणि १९९२ साली कोंकणीचा आठव्या परिशिष्टात झालेला समावेश यांनी कायद्याचा प्रश्न सुटला. व्युत्पत्तीचा मात्र अद्याप दोन्ही अंगांनी हत्यार म्हणून उपयोग चालू असतो. ‘घोडो’ हा ‘घोडा’ याचा अपभ्रंश असे म्हणणारे सद्गृहस्थ आम्हाला अजून भेटतात. संस्कृत घोटक, प्राकृत घोडओ. त्या शेवटच्या दोन स्वरांचा कोंकणीने ओ केला, मराठीने आ. दोघी आपापल्या वाटेने गेल्या. मराठीतून कोंकणी किंवा कोंकणीतून मराठी ‘काढण्या’ला येथे कागद नाही. ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली मराठीच्या घडणीवर आणि कत्रे यांनी १९४२ साली कोंकणीच्या घडणीवर लिहिले ते असे एकेका स्वराचा हिशेब मांडून. ज्यांना वाद घालावयाचा आहे त्यांनी तो हिशेब आधी तपासावा. कोंकणीने ‘उदक’ रोजच्या पाण्यासाठी ठेवले, मराठीने ते संध्येच्या पळीत ठेवले. ‘उत्तर’ मराठीत जबाब झाले, कोंकणीत ‘उतर’ म्हणजे शब्दच झाला, आणि ‘उतर दिवप’ म्हणजे वचन देणे.

क्रियापदाच्या बाबतीत कोंकणी बोलणारा मराठी लेखकाहून बहुधा अधिक सावध आढळतो. कोंकणीतही ‘लावप’ आणि ‘काडप’ आहेत. पण शब्दाच्या मुळाची गोष्ट निघाली की तो ‘मूळ सोदतां’ म्हणतो, आणि हाती काही आले तरच ‘सोदून काडलें’. सोदणे आणि काढणे अशा दोन पायऱ्या त्याने निराळ्या ठेवल्या आहेत. आणि जो ‘सोदतां’ एवढेच म्हणाला, त्याला समोरचा साधा भाविकही विचारू शकतो, ‘मेळ्ळें?’